आठ डबे थांबले, नववा वाजत राहिला

फुलाला घड्याळ कळत नाही, आणि त्यावाचून तिचं आजवर काही अडलेलं नाही. आंबेळीत रात्री किती वाजले हे कुणाला हवं असेल तर तो फुलालाच विचारतो. बाजारकुणंगहून दिग्गीकडं जाणारा रस्ता दाट झाडीत शिरला की डाव्या हाताला एक पायवाट उतरते, तिच्या टोकाला ही नऊ घरांची वाडी. मधून ओढा, ओढ्याच्या कडेनं वळणं घेत चढत गेलेली भातशेती, आणि प्रत्येकाच्या शेतात चार मेढींवर उभारलेला एकेक माळा. भात पिवळं पडायला लागलं की नऊ घरांतली नऊ माणसं संध्याकाळी आपापल्या माळ्यावर चढतात, ती सकाळीच उतरतात. गव्यांना आणि रानडुकरांना झोपाळू शेतकरी फार आवडतो.

प्रत्येक माळ्यावर एक पत्र्याचा डबा टांगलेला असतो. तो रात्रभर वाजवायचा. इतरांना झोप यायला लागली की ते तंबाखू मळतात, फुला मोजते. वीस टोले झाले की एक कोडी, मग पुन्हा एकापासून. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं किती कोड्या वाजवल्या असतील देव जाणे. दिग्गीला माहेरी असताना ती नवव्या वर्षी बापाच्या माळ्यावर चढली, ती लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा तिथंच होती, आणि हळदीच्या हातानं डबा वाजवला म्हणून आईचा मार खाल्ला. आंबेळीत आल्यावर नवऱ्यानं, रामचंद्रानं, तिच्यासाठी टेकाडाच्या खांद्यावर सगळ्यांत उंच माळा बांधला. बायकोला दुसरं कुणी दागिना करील, यानं माळा केला. पुढं तो तापानं गेला, माळा राहिला. दरवर्षी मेढी बदलतात, पण जागा तीच.

त्या माळ्यावरून अख्खी खोरी, म्हणजे ओढ्याची सारी दरी, दिसते. शिवाय वाडीत फोनला रेंज येते ती तिथंच. त्यामुळं जावयाशी भांडायचं असो की दवाखान्यात नंबर लावायचा असो, सगळी वाडी दिवसभर फुलाच्या शिडीनं वरखाली करत असते. फुला वरवर कुरकुरते, पण मनातून तिला ते आवडतं.

तिची मुलगी रूपाली रामनगरला असते, तिथं तिचं दुकान आणि दुकानाच्या मागंच घर आहे. आईनं आता रानात एकटीनं राहू नये, असं तिचं म्हणणं. एकदा फुला आठ दिवस तिकडं राहून आली. खिडकीबाहेर रस्त्याचा दिवा रात्रभर जळत होता, आणि वाजवायला काही नव्हतं. आठ दिवसांत तिला धड झोप लागली नाही की धड जागही आली नाही. परत आल्यावर तिनं रूपालीला सांगून टाकलं होतं, की माळ्यावर बसवतंय तोवर मी येणार नाही. रूपालीनंही ते कबूल केलं होतं. म्हणजे सगळा करार त्या चार मेढींवर उभा होता.

आता देवचाराबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देवचार हा वाडीचा राखणदार. रात्री हातात दिवटी आणि काठी घेऊन तो शिवेवरून फेरी मारतो. त्याचा उजेड दिसला की हातातलं काम थांबवायचं, मान खाली घालायची आणि तो जाईस्तोवर वर बघायचं नाही. आणि बघितलं, दिसलं, असं नंतरही कुणाला बोलायचं नाही. आंबेळीत हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं आपोआप शिकतात.

यंदा कापणीला दहा दिवस असताना, अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री, पांढराशुभ्र उजेड ओढ्याच्या खालच्या अंगानं खोरीत शिरला. चांदणीपेक्षा कितीतरी मोठा, न लुकलुकणारा, आवाज नसलेला. सगळ्यांत खालचा डबा सावित्रीचा. तो थांबला. मग त्याच्या वरचा थांबला. मग त्याच्या वरचा. फुलाचा हातही थांबलाच असता. पण नेमके त्याच घटकेला तिच्या कुंपणाला चार गवे येऊन उभे होते, एकानं तर मान आत घातली होती. डबा थांबला असता तर वर्षाचं भात सकाळपर्यंत त्यांच्या पोटात गेलं असतं. फुलानं देवचाराची मनोमन माफी मागितली आणि डबा वाजवत राहिली. आणि गव्यांवर नजर ठेवायची तर मान खाली कशी राहणार? तिनं बघितलं. तो उजेड एकेका शेतावरून वर सरकला, देवराईजवळच्या उमाजी बुधवंताच्या शेतावर आला, उमाजीचा डबा थांबला, आणि उजेड घाटाच्या खिंडीकडं निघून गेला. गवेही घाबरून पळाले. फुलाच्या अंगावर काटा उभा राहिला होता, छाती धडधडत होती, आणि खरं सांगायचं तर तिला इतकी मजा उभ्या जन्मात आली नव्हती.

सकाळी उमाजी बुधवंत दारात हजर. बुधवंत म्हणजे वाडीचा प्रमुख. रानातल्या कुणब्यांत त्याचा शब्द शेवटचा. सत्तरी ओलांडलेला, फुलाला सासऱ्याच्या नात्याचा. फुलानं बघितलं हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. रात्री आठ डबे गप्प असताना नववा वाजत होता, हे साऱ्या वाडीनं ऐकलं होतं. त्यानं गव्यांचं कारण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निकाल दिला: शिवेच्या दगडाला नारळ द्यायचा, आणि आजपासून रात्री माळ्यावर चढायचं नाही. राखणदाराकडं डोळे वर करून बघणाऱ्या बाईनं राखण करायची नाही. तिच्या जागी उमाजीची सून भाग्यलक्ष्मी बसेल.

भाग्यलक्ष्मी गुणाची, पण झोपेची पक्की. पहिल्याच रात्री तिचा डबा दहाव्या टोल्याला बंद पडला आणि डुकरांनी वरचा वाफा नांगरून काढला. फुला घरात अंथरुणावर बसून ते ऐकत होती आणि मुठी आवळत होती. दुसऱ्या दिवशी बातमी रामनगरला पोचली. रूपालीनं कळवलं, की कापणी झाली की रविवारी जीप घेऊन येते, सामान बांधून ठेव.

आणि त्याच दिवशी, रविवारच्या कितीतरी आधी, दुसरीच जीप आली.

झालं होतं असं, की उजेडाच्या त्या रात्री बाजारकुणंगच्या शाळेतल्या प्रज्योत मास्तरांनी पडवीतून तो उजेड मोबाइलवर टिपला होता. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. तो या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत नको त्या माणसाच्या, म्हणजे हव्या त्या माणसाच्या, फोनवर गेला. किनाऱ्यावरच्या लष्करी तळावरून तिघं जण तपासाला आले. दोघं जवान, आणि त्यांची अधिकारी सुप्रिया, तिशीतली, बेळगावची. तिनं उतरल्या उतरल्या मराठीत विचारलं, तेव्हा निम्मी वाडी गडबडली. राज्य कानडी, त्यामुळं साहेब लोकांशी कानडीत किंवा हिंदीत बोलायची तयारी करून सगळे उभे होते.

उमाजीच्या अंगणात सगळ्यांना बसवून तिनं सांगितलं, की व्हिडिओत नुसता उजेड आहे. तो किती लांब, किती उंच, कुठल्या दिशेला, काही कळत नाही. इथल्या कुणी पाहिला का? उमाजी म्हणाला, न्हाई. सावित्री म्हणाली, न्हाई. एकामागून एक आठही घरांनी न्हाई म्हटलं. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी खरंच मान खाली घातली होती. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

फुला मागं दाराशी उभी होती. आधीच भिजलेल्याला पावसाची कसली भीती? ती पुढं आली.

"व्हय," ती म्हणाली. "म्यां बघितला. सगळा बघितला."

सुप्रियानं तिचं सांगणं लिहून घेतलं. रंग, आकार, वाट. पण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी तिनं वही मिटून समजावलं, की मावशी, एका माणसाचं म्हणणं आम्ही नोंदवतो, पण त्यावर अख्खं रान पालथं घालता येत नाही. शेजारी आठ माळे असून कुणालाच दिसलं नाही, असं वर लिहावं लागेल. वर कोण काय समजेल ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण फुलाला कळलं. माळा गेला तो गेलाच, आता शब्दही चालला होता. जिनं आयुष्यभर रात्रीचे तास मोजून वाडीला दिले, तिला रविवारी जीपमध्ये बसवून नेताना लोक म्हणणार, बिचारीला काहीबाही दिसायला लागलं होतं.

तिनं उमाजीकडं बघितलं. त्याला बोलायला लावणं म्हणजे रीत मोडायला लावणं, आणि ते तिला करायचं नव्हतं. मग तिला एकदम सुचलं, आणि सुचल्याबरोबर तिचे कान गरम झाले.

"मामा," तिनं उमाजीला विचारलं, "तुमी काय बघितलं ते मी विचारत न्हाई. तुमचा डबा मधी का थांबला वो?"

उमाजीनं क्षणभर तिच्याकडं रोखून पाहिलं. मग मिशी खाजवत म्हणाला, "हात दुखला."

सावित्रीनं मान न उचलता सांगितलं, "माझा बी हात दुखला, अक्का. तवा वरचे सगळे डबे वाजत हुते."

तिसऱ्याचा हात दुखला होता. चौथ्याला चुना संपलेला आठवत होता, पण खालचे तिन्ही डबे गप्प आणि वरचे चालू होते हेही त्याला पक्कं आठवत होतं. पाचवा, सहावा, सातवा. एकाच रात्री आठ हात दुखले होते, आणि तेही खालून वर, ओळीनं. अंगणात कुणी हसलं नाही. सुप्रियानं मात्र मिटलेली वही पुन्हा उघडली होती, आणि ती भराभर लिहीत होती.

फुला म्हणाली, "उजेड वर आभाळात असता तर सगळ्यांस एकदम दिसला असता. सगळ्यांचे हात एकदम दुखले असते. तो खाली हुता, बाय. खोरीत. वळणावळणानं गेला. ज्याच्या शेतावर आला, त्याचा डबा थांबला."

सोबतचे दोन्ही जवान उठून उभे राहिले. डोंगराच्या आडोशानं, खोरीच्या आतून, रडारला दिसणार नाही इतक्या खालून काहीतरी गेलं होतं. त्याचा अर्थ ते बोलले नाहीत, पण त्यांच्या उभं राहण्यातच तो होता.

सुप्रियानं विचारलं, किती वेळात गेलं? फुलानं सांगितलं, सावित्रीचा डबा थांबला तेव्हा माझा सातवा टोला होता. पुढचा पंधराव्याला. मग एक कोडी तीनला. असं करत उमाजीमामांचा थांबला तो तीन कोड्या आणि वर सात. म्हणजे मधे तीन कोड्या. तिनं आठही आकडे न अडखळता सांगितले.

एक जवान हळूच म्हणाला, की मॅडम, हे कुणाच्या लक्षात राहील? फुलानं ते ऐकलं आणि तिला राग आला. ती म्हणाली, बघा की मग परीक्षा घेऊन. आता चढते. बंदी रात्रीची आहे, दिवसाची नाही. आणि तिनं उमाजीकडं पाहिलं. उमाजीनं आभाळाकडं बघून ऊन किती आहे याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, तिन्हीसांजेच्या आत उतरायचं.

मग जे झालं ते आंबेळी अजून विसरलेली नाही. आठ माणसं आठ माळ्यांवर गेली. दोन्ही जवान वायरलेस घेऊन खाली उतरले. त्यांनी मनाला येईल तो डबा थांबवायचा आणि घड्याळात वेळ टिपायची. वर फुला, खोरीकडं पाठ करून, डोळ्यांवर पदर ओढून. शेजारी सुप्रिया, हातात घड्याळ. शेंबड्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत उरलेली वाडी टेकाडाखाली. नऊ डबे एकदम सुरू झाले तेव्हा देवराईतले पक्षी उठले.

फुला वाजवत होती, मोजत होती. "पाचवा डबा गेला. अकरा." खालून वायरलेसवर वेळ आली. सुप्रियानं ताडून पाहिली. "उमाजीमामांचा. एक कोडी चार." पुन्हा ताडलं. "दुसरा. एक कोडी सतरा." सुप्रियाच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्यात फुलानं भुवई चढवली आणि हात न थांबवता म्हणाली, "सावित्रीचा डबा वाजतोय, पण हात सावित्रीचा न्हाई."

सुप्रियानं वायरलेसवर विचारलं. पलीकडून आधी नुसती खरखर आली, मग जवानानं ओशाळून कबूल केलं, की काठी त्यानं स्वतःच्या हातात घेतली होती, मावशींना फसवायला.

टेकाडाखाली शिट्ट्या झाल्या. फुलाचे आठच्या आठ डबे बरोबर आले, एका टोल्याचाही फरक नाही. मग तिच्या तीन कोड्या तीनदा मोजल्या: त्र्याण्णव सेकंद, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव. सावित्रीच्या माळ्यापासून उमाजीच्या माळ्यापर्यंतचं अंतर यंत्रानं भरलं तेराशे मीटर. सुप्रियानं नकाशावर आठ ठिपके दिले, त्यांवरून रेघ ओढली, रेघ खिंडीपलीकडं नेली, आणि तिचा चेहरा उजळला. मग तिनं सगळ्यांना सांगितलं, की तो उजेड ताशी पन्नास किलोमीटरनं गेला. आणि आता एक साक्षीदार नव्हता, नऊ होते.

उमाजी माळ्यावरून उतरून हळूहळू टेकाड चढून आला होता. त्यानं पन्नास म्हणजे किती ते विचारलं. जवानानं सांगितलं, की चांगल्या रस्त्यावर मोटरसायकल जाते तेवढं. उमाजी काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. फुला शिडीच्या खालच्या पायरीवर, ऊन कलायला लागलेलं. परीक्षा ती जिंकली होती, पण तिला हवं होतं ते अजून या म्हाताऱ्याच्या तोंडात होतं.

"देवचार म्हातारा हाय," उमाजी म्हणाला. "काठी टेकत जातो. मोटरसायकलीगत जात न्हाई." मग जरा थांबून, "तो उजेड आमच्या देवचाराचा नव्हता. फुलानं त्याच्याकडं बघितलं न्हाई. तवा तिचा गुन्हा न्हाई."

भाग्यलक्ष्मीनं तिथल्या तिथं फुलाच्या हातात काठी दिली आणि सगळ्यांदेखत जांभई दिली. फुला हसली, आणि मग तिला रडू फुटलं. त्या संध्याकाळी ती पुन्हा माळ्यावर चढली, ती तिन्हीसांजेच्या आत उतरलीच नाही. वरूनच तिनं रूपालीला फोन लावला आणि सांगितलं, की रविवारी ये, पण जेवायला ये.

दुसऱ्या दिवशी आणखी गाड्या आल्या. माणसं खिंडीपलीकडच्या रानात शिरली, तिसऱ्या दिवशी ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर पडली. काय, ते त्यांनी सांगितलं नाही. वाडीनं मात्र आतापर्यंत त्याचे चौदा आकार ठरवले आहेत. निघताना सुप्रियानं फुलाचा हात हातात धरला आणि एवढंच म्हणाली, की तुमच्या रेघेवरच सापडलं. मग तिनं फुलाच्या फोनमध्ये आपला नंबर घालून दिला. रात्री कसलाही उजेड दिसला, तर एकाचं बटण दाबून धरायचं. फुलानं शब्द दिला.

पाच रात्री झाल्या. सहाव्या रात्री गार वारा सुटला होता, नऊ डबे झकास चालले होते, आणि सावित्रीचा थांबला.

फुलाचे कान उभे राहिले. नववा टोला होता. पुढचा डबा आता आठ टोल्यांत थांबणार, तिनं मनाशी धरलं, आणि फोन मांडीवर घेतला. आठ झाले. एक कोडी झाली. डबा वाजतच होता. दोन कोड्या, तीन कोड्या, चार. पाचव्या कोडीच्या अखेरीला तो थांबला. खाली बांधावर, भाताच्या लोंब्यांआडून, एक तांबूस ठिपका डुलत होता. जमिनीला धरून. पावलापावलानं.

मोटरसायकलीगत नाही. काठी टेकत.

फुलाचा अंगठा एकाच्या बटणावर होता. छाती अशी उडत होती की माळाच हलतोय असं तिला वाटलं. कुंपणाला गवा नव्हता, डुक्कर नव्हतं, वाजवत राहायला काहीही कारण नव्हतं. तिनं काठी खाली ठेवली. फोन पालथा घातला. मान खाली घातली, आणि जन्मात पहिल्यांदा मोजायचं सोडून दिलं. डबे एकेक करत गप्प झाले. मग खोरीत फक्त ओढ्याचा आवाज होता. किती वेळ गेला ते फुलाला सांगता येणार नाही. कधीतरी सावित्रीचा डबा पुन्हा वाजला, मग त्याच्या वरचा, आणि सगळ्यांत शेवटी तिचा.

उजाडताच सुप्रियाचा रोजचा फोन आला. फुला अजून माळ्यावरच होती. खाली उमाजी शिवेच्या दगडाला नारळ वाढवत होता. सुप्रियानं विचारलं, "मावशी, रात्री काही दिसलं का?"

"न्हाई," फुला म्हणाली. "मधी जरा डबा थांबवला हुता. हात दुखला."

पलीकडं वही मिटल्याचा आवाज आला.

"बरं," सुप्रिया म्हणाली. "हाताला तेल लावा, मावशी."